खानदेशातील समाजमाध्यमी कविता

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत आणि इथून सुरत, नाशिक, पुणे, कल्याणकडे पोटापाण्यासाठी गेलेल्या लोकांत व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब व इन्स्टाग्रामवरून फिरणारी कविता. ती प्रमाण मराठीत असते, तशीच अहिराणी या खानदेशातल्या बोलीत आणि लेवा गणबोली या लेवा पाटील समाजाच्या बोलीतही. कापसाचा भाव, केळीचे नुकसान, माहेर, आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई (देवीचा सण) हे तिचे नेहमीचे विषय. प्रेमकविता तर सगळीकडेच असते.

खानदेशात कविता छापण्याआधी म्हटली जाते. झोक्यावरची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या बायकांनी तोंडीच सांभाळल्या. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली म्हणून टिकली आणि पुस्तक 1952 मध्ये, त्यांच्या निधनानंतर निघाले. आता म्हणणारी थेट मोबाइलसमोर म्हणते, मध्ये लेखनिक लागत नाही. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, पण तेव्हा कविता ऐकायला जळगावात हजर असावे लागे.

वाचकवर्ग वाढला तो 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यावर. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि छोट्या चित्रफिती करणारे बरेचसे इन्स्टाग्रामच्या रील्सकडे वळले. ‘वाचक’ हा शब्द इथे सैलच घ्यायला हवा, कारण यातले पुष्कळ जण कविता ऐकतात. अहिराणीला ते सोयीचे पडते. 2011 च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नोंदीखाली, जिच्यात अहिराणीही मोजली जाते, 18 लाखांहून अधिक भाषक आहेत, पण लेखन एकसारखे ठरलेले नाही. ‘आहे’ या अर्थी कुणी ‘शे’ लिहितो, कुणी ‘से’. कानाला त्याची अडचण होत नाही. शिवाय सुरतेत वाढलेल्या मुलांना देवनागरी सहज वाचता येतेच असे नाही; आजीची बोली मात्र कळते.

गुणवत्तेचे म्हणाल तर बरेच लेखन सणावारी शुभेच्छांपलीकडे जात नाही. त्याहून त्रासदायक म्हणजे नावांचा घोळ. कवीचे नाव गाळून कविता पुढे जाते, नाहीतर कुठल्याही चार उपदेशपर ओळींखाली बहिणाबाईंचे नाव येते. त्यांची भाषा अहिराणी असल्याचेही सर्रास सांगितले जाते. ती लेवा गणबोली आहे. जाणत्याला असल्या ओळी पहिल्याच क्रियापदाला खोट्या कळतात, पण तोवर त्या गावभर झालेल्या असतात.