‘इटर्निटी’च्या पोटातलं आयुष्य

ठाण्यात रिक्षात बसून ‘इटर्निटी’ म्हटलं की रिक्षा तीन हात नाक्याच्या दिशेने निघते. तिथल्या मॉलचं हे नाव पत्ता म्हणूनच तोंडात बसलंय. परवा शेजारची नववीतली मुलगी विचारत आली, “काकू, इटर्निटी म्हणजे नक्की काय?” ‘अनंतकाळ’ असं सांगून मी मोकळी झाले. उत्तर चुकीचं नव्हतं, पण या शब्दातली सगळ्यात सुंदर गोष्ट सांगायची राहून गेली.

हा शब्द इंग्रजीत आला चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रेंचमार्गे. मूळ लॅटिन. ‘आएवुम’ म्हणजे वय, आयुष्य, युग; त्यावरून न संपणारा या अर्थाचा ‘आएतेर्नुस’, आणि त्यावरून इटर्निटी. ‘एज’ (वय) आणि ‘मेडिएव्हल’ (मध्ययुगीन) हेही त्याच गोतावळ्यातले. या मुळाची संस्कृतातली फांदी म्हणजे ‘आयुस्’, आपलं ‘आयुष्य’. वाढदिवसाला ओवाळून आजी “औक्षवंत हो” म्हणते, त्यातलं ‘औक्ष’सुद्धा तेच. जन्म आणि मरण यांच्यामधल्या मोजक्या वर्षांचा शब्द आणि कधीच न सरणाऱ्या काळाचा शब्द, दोन्ही एकाच घरचे.

अर्थ कसा पसरत गेला ते ग्रीकमध्ये स्पष्ट दिसतं. होमरच्या काव्यात याच मुळातला ‘आयॉन’ म्हणजे माणसातला जीव, त्याचं आयुष्य. पुढे तोच शब्द युगासाठी आला, आणि प्लेटोने तर काळ ही ‘आयॉन’ची, म्हणजे अनंतत्वाची, हलती प्रतिमा आहे असं मांडलं. सहाव्या शतकात बोएथियस हा रोमन विद्वान मृत्युदंडाच्या सावटाखाली कैदेत होता. तिथे त्याने व्याख्या केली: अमर्याद जीवन संपूर्णपणे, एकाच वेळी हाती असणं म्हणजे ‘आएतेर्नितास’, इटर्निटीचं लॅटिन रूप. नुसता लांबत जाणारा काळ त्याने वेगळा काढला. आणि व्याख्येच्या मध्यभागी त्याने ठेवला तो शब्द ‘जीवन’. मला हे फार मोलाचं वाटतं.

मराठीत यासाठी एकच शब्द पुरत नाही. ‘अनंत’ काळालाही चालतो, आकाशालाही आणि गणितातल्या इन्फिनिटीलाही. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर माणूस ‘अनंतात विलीन’ होतो. अनंत चतुर्दशीला ठाण्यातल्या मासुंदा तलावावर विसर्जनाची गर्दी असते, तेव्हा कुणाच्या दंडावर चौदा गाठींचा अनंताचा दोराही दिसतो. तिथे अनंत हे विष्णूचं नाव. ‘सनातन’चं तोंड मागे आहे, पूर्वापार चालत आलेलं ते. ‘शाश्वत’ आता विकासाला चिकटून गुळगुळीत झालाय. ‘चिरंतन’मधला ‘चिर’ म्हणजे दीर्घकाळ, लग्नपत्रिकेतल्या ‘चि.’मध्येही तोच. मराठी बायबलात ‘सार्वकालिक जीवन’ आहे. मला तो शब्द मुळाच्या सर्वांत जवळचा वाटतो. आपल्या पुराणांत मात्र ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा असला तरी त्यालाही त्याच्या मापाने 100 वर्षांचंच आयुष्य आहे.

या एका शब्दाने पछाडलेला माणूसही होऊन गेला. सिडनीचा आर्थर स्टेस. जेमतेम लिहिता येणाऱ्या या माणसाने 1932 मध्ये एका प्रवचनात हा शब्द ऐकला आणि पुढे तीसेक वर्षं तो पहाटे उठून फुटपाथवर खडूने, वळणदार अक्षरांत, एवढंच लिहीत राहिला: इटर्निटी. 2000 सालाच्या स्वागताला सिडनीच्या हार्बर ब्रिजवर त्याच्याच अक्षरात तो शब्द उजळला.

रोजच्या इंग्रजीत मात्र तो अतिशयोक्तीसाठीच जास्त येतो. डॉक्टरांकडे अर्धा तास बसावं लागलं की ‘इट टुक ॲन इटर्निटी’. त्याचं मराठी करताना ‘अनंतकाळ लागला’ असं लिहू नये, कानाला खटकतं. आपण म्हणतो, “बसून बसून युग लोटलं.” शेजारच्या मुलीला मी हे वाक्य सांगितलं, तेव्हा तिने वहीत ‘इटर्निटी’समोर आधी ‘युग’ आणि मग, माझ्या सांगण्यावरून, ‘आयुष्य’ असं लिहून घेतलं.