मद्यधोरण : आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि ठाणे–नवी मुंबई

मद्यधोरण म्हणजे दारू कोणी बनवायची, कोणाला, कुठे आणि काय भावाने विकायची, तिची जाहिरात कितपत चालू द्यायची आणि तिच्यापायी आजारी पडलेल्या माणसाला उपचार कुठे मिळायचे, याविषयीचे सरकारी निर्णय. हे निर्णय प्रत्येक देश आपापले घेतो. भारतात तर प्रत्येक राज्य घेते, कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने मद्य राज्यांच्या यादीत टाकले आहे. दारू मात्र हद्द पाळत नाही. दारूमुळे होणारी हानी कमी करण्यासाठी देशांनी एकत्र येऊन काय ठरवले, याची ही नोंद आहे. ठाणे आणि नवी मुंबईत त्यातले काय दिसते आणि काय दिसत नाही, हेही तिच्यात आले आहे.

एकत्र येण्याची गरज का पडते, ते फिनलंडच्या उदाहरणावरून कळते. मे २००४ मध्ये शेजारचा एस्टोनिया युरोपीय संघात येणार होता. तिथली स्वस्त दारू लोक बोटीने भरभरून आणतील, या धास्तीने फिनलंडने मार्चमध्येच मद्यावरचा कर सुमारे एक तृतीयांशाने उतरवला. खप वाढला आणि दारूने होणारे मृत्यूही वाढले. कर कमी तिथून कर जास्त तिथे, हा दारूचा उतार. ठाण्याचे एस्टोनिया दोन : उत्तरेला दमण आणि दक्षिणेला गोवा. राज्य उत्पादन शुल्क विभागाची भरारी पथके गोवा बनावटीच्या मद्याचे ट्रक पकडतात, तेव्हा खोक्यांतल्या बाटल्यांवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असे छापलेले असते.

मद्यावरचे पहिले आंतरराष्ट्रीय करार आरोग्यासाठी झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. १८९० च्या ब्रुसेल्स कराराने आफ्रिकेत २० अंश उत्तर ते २२ अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात दारूच्या व्यापारावर बंधने घातली. १९१९ च्या सेंट जर्मेन कराराने ती आणखी कडक केली. बंधने घालणारे वसाहतींचे मालक होते आणि ज्यांच्यावर ती पडली त्यांना कोणी विचारले नव्हते. त्याच सुमारास मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांसाठी १८९२ चा मोहफुलांचा कायदा केला. सरकारी गाळपाच्या दारूला घरी काढलेल्या मोहाच्या दारूची स्पर्धा नको, हा त्यामागचा हिशेब होता. ताडाच्या झाडावर कर आणि मोहाच्या फुलांवर पहारा असे दोन्ही जाच इथल्या वारली, कातकरी, आगरी, कोळी लोकांनी सोसले. मद्यधोरणात महसूल आणि लोकहित एकाच खुर्चीत बसतात ते तेव्हापासून, आणि अजून त्यांना वेगळे कोणी उठवलेले नाही.

आजच्या सहकार्याचा पाया जागतिक आरोग्य संघटनेने घातला. मे २०१० मध्ये जागतिक आरोग्य सभेने मद्याचा हानिकारक वापर कमी करण्याची जागतिक रणनीती मान्य केली. तिच्यात देशांनी काम करायची दहा क्षेत्रे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ३.५ हे लक्ष्य याच विषयाचे आहे. २०१८ मध्ये ‘सेफर’ हा पाच उपायांचा (उपलब्धता, मद्यपी चालक, उपचार, जाहिरात आणि किंमत) कार्यक्रम आला आणि मे २०२२ मध्ये २०३० पर्यंतचा कृती आराखडा मंजूर झाला. हानिकारक वापर २०१० च्या तुलनेत किमान २० टक्क्यांनी घटावा, हे त्याचे लक्ष्य. प्रत्यक्षात १५ वर्षांवरील माणसामागे शुद्ध अल्कोहोलचा वार्षिक खप २०१० मध्ये ५.७ लिटर होता, तो २०१९ मध्ये ५.५ लिटर झाला. त्या एका वर्षात मद्यामुळे जगात सुमारे २६ लाख माणसे मेली. ‘हानिकारक’ या शब्दावरही वाद आहे. काही मद्यपान हानिकारक नसते, असे त्यातून आपोआप सूचित होते. मद्य हे कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले होते. मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले.

या साऱ्या कागदांची मोठी उणीव म्हणजे ते कोणावर बंधनकारक नाहीत. तंबाखूसाठी २००३ मध्ये स्वीकारलेला आणि २००५ पासून अमलात असलेला बंधनकारक करार आहे, मद्यासाठी तसा नाही. व्यापाराचे करार मात्र बंधनकारक असतात. जुलै २०२५ मध्ये सह्या झालेल्या भारत–ब्रिटन करारात स्कॉच व्हिस्कीवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे ठरले. नवी मुंबईच्या दक्षिणेला न्हावा शेवा बंदर आहे. तिथे उतरणाऱ्या खोक्यावर किती शुल्क लागेल हे करार ठरवतो. त्याच खोक्यामुळे होणाऱ्या आजाराबद्दल असा एकही करार नाही.

‘सेफर’च्या पाच उपायांत पहिला आहे उपलब्धतेवर नियंत्रण. याबाबतीत महाराष्ट्राचा कायदा कागदावर कोणापेक्षा कमी नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आताचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा, अजून जिवंत आहे आणि त्याप्रमाणे दारू पिण्यासाठी परवाना लागतो. ‘परमिट रूम’ या शब्दातले परमिट हेच. एक दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच. वर्षाचा शंभर, आजन्म हजार. वाइन शॉपच्या काउंटरवर तो कोणी मागत नाही आणि कोणी दाखवत नाही. बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे आहे. वय विचारले गेल्याचे दृश्यही दुर्मिळच. वाइन शॉपचे नवे परवाने कित्येक दशके दिले गेले नाहीत, जुनेच एका वस्तीतून दुसरीकडे हलतात. म्हणून घोडबंदर रोडला नवे संकुल उभे राहिले की दुकान मागोमाग येते, आणि राज्यातल्या दुकानांचा एकूण आकडा होता तेवढाच राहतो.

लोकांच्या हातात एक साधन आहे : उभी बाटली, आडवी बाटली. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के मतदारांनी वा महिला मतदारांनी निवेदन दिले, की मतदान घेतले जाते : उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला यादीतल्या निम्म्याहून अधिक मते पडली, तर दुकान बंद. अडचण ‘यादीतल्या’ या शब्दात आहे. खेड्यात बायका रांग लावून हे जमवतात. शहरी प्रभागाच्या यादीत मात्र भाड्याचे घर सोडून गेलेले, वारलेले, दोनदा नोंदलेले असे सगळे असतात आणि न आलेले प्रत्येक नाव उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. खारघरची लढाई वेगळ्या वळणाची. सिडकोचा हा नोड, म्हणजे नियोजित वसाहत, २०१६ मध्ये पनवेल महापालिकेत गेला, त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती. खारघर दारूमुक्त ठेवण्याची मागणी रहिवाशांनी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. मद्यविक्रीला परवानगी मिळाली की मोर्चा, असे तिथे घडत आले आहे. सोसायटीच्या आवारात बिअर किंवा दारूचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना-हरकत पत्र लागेल, असे राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले.

महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला, आणि त्याच वर्षी महापालिका हद्दींना त्यातून सूट मिळाली. मद्यपी चालकांविरुद्धचा दुसरा उपाय त्या मानाने ठीक चालतो. भारतातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या ५० हून कडक. २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ३१ डिसेंबरच्या रात्री तीन हात नाक्यावर किंवा पाम बीच रोडवर तोंडाशी यंत्र धरले जाते. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी ते क्वचितच धरले जाते.

किंमत वाढवणे हा सगळ्यात परिणामकारक उपाय मानला जातो. स्कॉटलंडने मे २०१८ पासून किमान किंमत ठरवली, तेव्हा निव्वळ दारूने होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात आढळले. महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील (इथेच बनणारी व्हिस्की, रम वगैरे; शब्दप्रयोग सरकारीच आहे) शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि देशीवरील शुल्क प्रूफ लिटरला (दारूच्या तीव्रतेनुसार कर लावायचे माप) १८० वरून २०५ रुपये. उद्देश महसुलाचा होता. पण ठाण्यात भाव वाढला की लक्ष खाडीकडे ठेवावे लागते. दिवा–मुंब्रा पट्ट्यात तिवरांच्या आत, भरतीचे पाणी चढल्यावर बोटीनेच पोहोचता येते अशा जागी हातभट्ट्या लागतात. चिखलात अर्धे पुरलेले पिंप, त्यात काळा गूळ, नवसागर आणि पाणी आंबत पडलेले. त्याला ‘रसायन’ म्हणतात. तयार माल रबरी ट्यूबमध्ये भरून किनाऱ्यावर येतो. छापा पडला की प्रसिद्धिपत्रकात ‘रसायन जागीच नष्ट’ अशी ओळ असते, कारण पिंप उचलून आणणे शक्यच नसते. हातभट्टी एरवी माणसाला हळूहळू मारते. तीत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल पडले की दोन दिवसांत मारते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी डोळे जातात. शेजारच्या मुंबईत, मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरहून अधिक माणसे अशीच गेली. अवैध दारूची हानी रोखणे हे २०१० च्या रणनीतीतले एक स्वतंत्र क्षेत्र आहे.

जाहिरातींबद्दल थोडक्यात : भारतात मद्याची जाहिरात दूरचित्रवाणीवर बंद, पण त्याच नावाचा सोडा, पेले आणि संगीताच्या सीडी चालू. मोबाइलवरून परदेशी समाजमाध्यमांत दिसणाऱ्या जाहिरातींना एकट्या देशाचा कायदा पुरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात म्हटले आहे.

उरला उपचार. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक मद्य घेतात आणि दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. गोव्यात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी काही मोजक्या बैठकांत मद्यपींना मदत केली, आणि ती उपयोगी ठरल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसले. या कामात वापरायची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची, ४० गुणांची प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या अभ्यासावरून बनवली. आठ वा अधिक गुण म्हणजे धोक्याची खूण. तिच्यात दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोलला एक पेय धरतात. इथल्या ४२.८ टक्के व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग बरोबर तेवढाच, म्हणजे एक क्वार्टर (१८० मिली) सहा पेये. ६५० मिलीच्या आठ टक्के स्ट्राँग बिअरमध्ये अशी चार भरतात. ‘बिअरच तर घेतली’ म्हणणाऱ्याला हा हिशेब पटायला वेळ लागतो. प्रश्नावलीतला दहावा प्रश्न घरच्यांनी, मित्राने किंवा डॉक्टरने तुमच्या पिण्याबद्दल कधी काळजी व्यक्त केली आहे का, असा आहे. बायको शेजारी बसलेली असेल, तर त्याचे उत्तर बहुधा तीच देते.