विंगेतला हेडफोन

प्रयोग सुरू असताना विंगेत, नटांच्या वायरलेस माइकचा आवाज पकडणाऱ्या रिसीव्हरच्या रॅकसमोर हेडफोन लावून बसणारा माणूस मराठी रंगभूमीला तसा नवा. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, तेव्हापासून कित्येक दशके शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणे हे नटाच्या गळ्याचेच काम होते. मुंबईतल्या एनसीपीए या कलासंस्थेचे टाटा थिएटर तर १९८० मध्ये, माइकशिवाय ऐकू यावे अशाच बेताने बांधले गेले.

पुढे रंगमंचाच्या कडेला ठेवलेले किंवा वरून टांगलेले माइक रुळले. नट लांब गेला की आवाज पडायचा, हे खरे. पण ते माइक सतत चालू असत, त्यामुळे एखादा गेला तर प्रेक्षागृहात मिक्सरवर बसलेल्याला लगेच कळे.

वायरलेसचे तंत्र तसे जुने आहे. शूर या माइक कंपनीचा वायरलेस माइक ‘व्हॅगाबाँड’ १९५३चा, तर सेनहायझर कंपनीने एका जर्मन प्रसारण संस्थेसोबत ‘मिक्रोपोर्ट’ १९५७ मध्ये आणला. मात्र माइक नटाच्या अंगावर गेला आणि अडचणच बदलली. नट आत असताना त्याचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ठेवावाच लागतो, नाहीतर रंगपटातल्या गप्पा प्रेक्षकांना ऐकू जातील. त्या वेळात माइक मेला, तर ते कळणार थेट एंट्रीच्या पहिल्या वाक्याला! म्हणून एंट्रीआधी प्रत्येक चॅनेल, म्हणजे प्रत्येक नटाचा माइक, आतच हेडफोनवर ऐकून घ्यायची पद्धत पडली. आमच्या मते, विंगेतल्या या कामाचा उगम एवढाच आहे.

ऐकायचे काय? घामाने मठ्ठ झालेला माइक, पदराची सळसळ, मंगळसूत्राची किणकिण, वायर मुळाशी तुटत आल्याची खरखर. मुंबईच्या दमट हवेत घाम हा मोठा शत्रू. म्हणून माइक केसांच्या कडेला मायक्रोपोर चिकटपट्टीने चिकटवतात आणि ट्रान्समीटर (आवाज रिसीव्हरकडे धाडणारी, अंगावरची डबी) चक्क निरोधात गुंडाळतात. (केमिस्टला कारण सांगत बसू नये.)

दुसरी भानगड फ्रिक्वेन्सीची. ५००, ५०१ आणि ५०२ मेगाहर्ट्झ असे समान अंतराने तीन माइक लावले, की पहिल्या दोघांच्या मिश्रणातून नेमका ५०२चाच भुताटकी सिग्नल तयार होतो आणि तिसऱ्याचा घात करतो. त्यामुळे अंतरे मुद्दाम वाकडीतिकडी ठेवतात. त्यात मोकळी जागाही आक्रसते आहे. अमेरिकेत २०१० मध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा वायरलेस माइकसाठी बंद झाला. आपल्याकडे त्याच पट्ट्याचा काही भाग २०२२च्या लिलावात ५जीसाठी विकला गेला. आपली नाटके तर दुपारी दादरला शिवाजी मंदिर, रात्री बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, अशी धावणारी. दादरला निर्धोक असलेली फ्रिक्वेन्सी बोरिवलीला मोकळी असेलच असे नाही, तेव्हा टेम्पो रिकामा झाला की आधी मोकळ्या फ्रिक्वेन्सींचा स्कॅन करायचा.

आता सगळ्या रिसीव्हरांची सिग्नलपातळी आणि सेलची स्थिती एकाच लॅपटॉपवर दिसते. तरी पदर माइकला घासतोय, हे त्या आकड्यांत दिसत नाही. मोठ्या संगीतिकांमध्ये प्रमुख नटाला दोन माइक आणि दोन ट्रान्समीटर लावतात. पहिला दगा देतोय असे हेडफोनमध्ये जाणवले, की विंगेतून मिक्सरवाल्याला सांगायचे, “दुसऱ्यावर जा.”