होल्ट्झॅपफेल लेथ: क्रमांकांवरून लागणारा माग

लाकूड आणि हस्तिदंत लेथवर, म्हणजे काम गोल फिरवत हत्याराने कातण्याच्या यंत्रावर, कातणे हा अठराव्या शतकातील युरोपात राजेरजवाड्यांचाही छंद होता. फ्रान्समधील ल्यों येथे १७०१ मध्ये शार्ल प्ल्युमिए यांचा या कलेवरील सचित्र ग्रंथ निघाला. रशियाचा पीटर द ग्रेट स्वतः लेथवर काम करीत असे आणि त्याच्या पदरच्या आंद्रेई नार्तोव यांनी घडवलेली यंत्रे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात जपलेली आहेत. अशा हौशी श्रीमंतांसाठी लंडनमध्ये ज्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या लेथ बनवले, त्या होल्ट्झॅपफेल घराण्याचा मूळ पुरुष जॉन जेकब १७९२ मध्ये स्ट्रासबर्गहून लंडनला आला होता.

१७९५ पासून या पेढीने विकलेल्या लेथांना अनुक्रमांक दिले आणि विक्रीची नोंदही ठेवली. विसाव्या शतकापर्यंत हा आकडा अडीच हजारांच्या पुढे गेला. कालांतराने यंत्रे विखुरली, तरी नोंदी टिकल्या. त्यामुळेच आज एखाद्या वाड्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या लेथवरचा ठोकलेला आकडा वाचता आला, तर त्याच्या विक्रीचा काळ आणि पुष्कळदा पहिल्या गिऱ्हाइकाचे नावही सापडू शकते. जुन्या यंत्रांच्या बाबतीत इतकी सोय क्वचितच मिळते. आकडा झिजलेला असला, तरी पेढीच्या नावावरून अंदाज बांधता येतो. ‘होल्ट्झॅपफेल आणि डायरलाइन’ असे जोडनाव असेल, तर तो लेथ साधारण १८०४ ते १८२७ या काळातला धरावा, कारण डायरलाइन यांच्याशी असलेली भागीदारी तेवढ्याच काळापुरती होती.

खरा कस लागतो तो सुट्या भागांच्या बाबतीत. नक्षीकामाची उपकरणे आणि काम पकडणारे चक लेथपासून वेगळे करून विकले गेले की मूळ संच पुन्हा जुळवणे फार अवघड होते. येथे चक लेथवर ज्या पेचाने बसवतात त्याचे आटे कामी येतात. आट्यांची मापे सर्वत्र एकसारखी असावीत ही सूचना इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडली, पण होल्ट्झॅपफेल यांची मापे त्याआधीच ठरून गेली होती. त्यांच्या मुख्य दांड्याच्या टोकावर इंचाला ९.४५ आटे, असे विचित्र वाटणारे प्रमाण आढळते. त्यामुळे एखादा सुटा चक या पेढीचा असावा की नाही, हे आटे मोजून बरेचसे कळते, आणि त्यावर ठोकलेला आकडा लेथच्या आकड्याशी जुळला, तर तो त्याच यंत्राबरोबर आला असे मानायला भक्कम आधार मिळतो. म्हणूनच घासूनपुसून चकचकीत करण्याआधी प्रत्येक भागावरील खुणांची छायाचित्रे घेणे आणि आट्यांची मापे लिहून ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. सॅंडपेपरच्या चार हातांत पुसलेला आकडा परत मिळत नाही.

उपकरणे ओळखण्यासाठी पेढीनेच काढलेला पाच खंडांचा ग्रंथ आजही उपयोगी पडतो. जॉन जेकबचे चिरंजीव चार्ल्स होल्ट्झॅपफेल यांनी १८४३ मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या निधनानंतर मुलाने काम पुढे नेऊन नक्षीच्या कातकामावरचा पाचवा खंड १८८४ मध्ये आणला.