मुंबईतील लघुउद्योगांची निर्यात

लघुउद्योगांची निर्यात म्हणजे थोड्या भांडवलावर व मोजक्या कामगारांनिशी चालणाऱ्या उद्योगांनी आपला माल परदेशी विकणे. विकसनशील देशांतील असे उद्योग केवळ स्वस्त मजुरीच्या बळावर टिकतात, हा रूढ समज अपुरा आहे. स्वस्त माल अनेकांकडे असतो. अवघड असते ती दुहेरी खात्री, म्हणजे खरेदीदाराला पुढचा प्रत्येक लॉट पहिल्या सॅम्पलसारखाच मिळेल आणि विक्रेत्याचे पैसे बुडणार नाहीत.

पहिल्या खात्रीचे ठळक उदाहरण लिज्जत पापडाचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या या उद्योगात सभासद भगिनी आजही पापड आपापल्या घरी लाटतात. परंतु पीठ केंद्रात मळले जाते आणि लाटलेला पापड तपासूनच स्वीकारला जातो, म्हणूनच हजारो हातांनी केलेल्या मालाची चव एकसारखी राहते. परदेशी विक्री मर्चंट एक्सपोर्टर, म्हणजे निर्यातदार व्यापारी, यांच्यामार्फत होते. धारावीतील चामड्याच्या गाळ्यांतील मालही पुष्कळदा याच वाटेने बाहेर जातो. कागदपत्रे व जोखीम व्यापारी सांभाळतो. मात्र परदेशी ग्राहकाची ओळखही त्याच्याचपाशी राहते, आणि कारागिराच्या दृष्टीने हा तोटा लहान नाही.

थेट निर्यातीसाठी आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे सरकारकडून मिळणारा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो. पैशांच्या खात्रीसाठी पतपत्र, म्हणजे बाजारातली ‘एल.सी.’, वापरतात. त्यात खरेदीदाराची बँक हमी घेते; पण ती हमी मालावर नव्हे, कागदपत्रांवर चालते, त्यामुळे बिलातील वर्णन पतपत्राशी जुळले नाही तर उत्तम मालाचेही पैसे अडकतात. खरेदीदाराने पैसे थकवल्यास नुकसानीचा काही भाग विम्यातून भरून देण्याचे काम, १९५७ साली स्थापन झालेली आणि मुंबईत मुख्यालय असलेली ई.सी.जी.सी. ही सरकारी विमा कंपनी करते.

एकट्याच्या दक्षतेने मात्र सर्व काही साधत नाही. २०१४ मध्ये काही मालात फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली, तेव्हा निर्दोष फळ पाठवणाऱ्यांचाही तिथला हंगाम बुडाला. ही बंदी २०१५ च्या आरंभी उठली. फळांतील कीड नष्ट करणाऱ्या, वाशी येथील राज्य कृषी पणन मंडळाच्या सामायिक प्रक्रिया केंद्रांचे महत्त्व यातूनच कळते, कारण अशी यंत्रसामग्री एकेकट्या छोट्या निर्यातदाराला परवडणारी नाही.