पॅच आला, पण मशीनवर चढला कधी?

मायक्रोसॉफ्टचे पॅच, म्हणजे विंडोजमधल्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि मुंबईत रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे इथल्या आयटी विभागाचं काम सुरू होतं बुधवारी सकाळी. पंचाईत तारखांची आहे. दुसरा मंगळवार कायम ८ ते १४ च्या दरम्यान पडतो, आणि जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची मुदत ११ ला असते, जीएसटीआर-३बीची २० ला. अंधेरी असो की फोर्ट, अकाउंट्समधून ठरलेला फोन येतो: “अरे, वीस तारखेपर्यंत आमच्या मशीनला हात लावू नकोस.” मार्चमध्ये तर विचारायलाच नको.

हे वेळापत्रक ऑक्टोबर २००३ पासूनचं. त्याआधी पॅच तयार होईल तेव्हा यायचा. १९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर विंडोज अपडेट आलं, पण ते एकट्या मशीनपुरतं होतं आणि आपल्याकडे डायल-अपवर, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून, चालायचं. २००४ चा विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे दुरुस्त्यांचा मोठा गठ्ठा, कार्यालयांसाठी २६६ एमबीचा होता. ५६ केबीपीएसवर तो उतरवायला दहा-अकरा तास लागणार, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. साहजिकच सीडी घेऊन टेबलोटेबली फिरणं हाच शहाणपणा होता.

मायक्रोसॉफ्टला जाग आणली ती व्हायरसांनी. २००१ मध्ये कोड रेड आणि निमडा आले. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना सुरक्षेला अग्रक्रम द्यायला लेखी बजावलं. तरी ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर या व्हायरसने पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवत मशीनं बंद पाडलीच. त्याच्यावरचा पॅच १६ जुलैलाच निघाला होता! पुढे हेच घडत राहिलं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, त्याच्यावरचा इलाज १४ मार्चपासून उपलब्ध होता. पॅच बनायला उशीर झाला नव्हता. तो निघाल्यापासून मशीनवर चढेपर्यंतच्या दिवसांत सगळे अडकले.

हे दिवस कमी करायला २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं एसयूएस हे पॅच वाटणारं सॉफ्टवेअर आणि २००५ मध्ये त्याचंच सुधारित रूप डब्ल्यूएसयूएस आलं. कार्यालयातला एक सर्व्हर पॅच एकदाच उतरवून घेतो आणि बाकीची मशीनं तो त्याच्याकडून घेतात. पाचशे मशीनांनी तीच फाइल पाचशे वेळा इंटरनेटवरून ओढायची गरज राहिली नाही. शिवाय कोणता पॅच कधी चढवायचा ते ‘मंजूर’ म्हणायचा अधिकार ॲडमिनच्या, म्हणजे यंत्रणा सांभाळणाऱ्याच्या, हाती आला. माझ्या मते खरा बदल हा दुसरा. आधी आयटीतल्या चार-पाच मशीनांवर चालवून बघायचं, मग एका मजल्यावर, सगळ्यात शेवटी अकाउंट्स. पॅचनेच काही बिघडेल ही भीती अगदीच खोटी नसते. ऑगस्ट २०२१ च्या पॅचनंतर प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम (ड्रायव्हर) टाकायला ॲडमिनचे अधिकार लागू लागले आणि कित्येक ठिकाणी छपाई अडली.

पण थांबण्याची किंमत मुंबईच्या दारात दिसली ती २७ जून २०१७ नंतर. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा व्हायरस सुटला, मार्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या गटाचं टर्मिनल अडकलं. खाडीपलीकडे कंटेनर उभे, आणि कारण हजारो मैलांवरचं. पॅच मारलेली मशीनंही वाचली नाहीत, कारण एका मशीनमधून चोरलेले पासवर्ड वापरून तो शेजारच्यात घुसायचा. मार्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

पुढच्या वर्षी, जून २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने एटीएमसाठी टप्पे ठरवून दिले: सप्टेंबरपर्यंत २५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सगळी यंत्रं चालू आधार असलेल्या, म्हणजे कंपनी अजून पॅच देते अशा, प्रणालीवर. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता.

१९ जुलै २०२४ ला उलटं झालं, अपडेटनेच घात केला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीची एक सदोष फाइल सकाळी ९.३९ ला सुटली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीनं निळा पडदा दाखवत बंद पडली. मुंबई विमानतळावर चेक-इन हाताने करायची पाळी आली. तो विंडोजचा पॅच नव्हता, आणि डब्ल्यूएसयूएसच्या मंजुरीतून तो जातही नव्हता. दुरुस्तीसाठी एकेका मशीनपाशी जाऊन सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू करून, ती फाइल पुसावी लागली. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल तर आधी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली शोधा.

सप्टेंबर २०२४ मध्ये डब्ल्यूएसयूएसमध्ये नवीन काही भर घालणार नसल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. कंपनीचा कल क्लाउडकडे आहे. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घरोघरी गेल्यावर कार्यालयातल्या सर्व्हरची पकड तशीही सुटली होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेली मशीनं नियमाप्रमाणे विंडोज ११ वर जात नाहीत. अशा मशीनांसाठी कंपन्यांना पॅच विकत मिळतात: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. दुसऱ्या वर्षी जाग आली तर पहिल्या वर्षाचेही भरावे लागतात.