पाऊस नाही, तरी चिखल

सकाळी साडेसातला केंडल गावातून सायकल काढली तेव्हा वाट सिमेंटसारखी टणक होती. साडेअकराला त्याच वाटेवरून परतताना पुढचं चाक दोन बोटं आत रुतलं. मधल्या चार तासांत आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. आपल्याकडे काळ्या रानात चिखल झाला की समजायचं, पाऊस झाला. इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मार्चअखेरीचा चिखल वरून पडत नाही, तो जमिनीतून वर येतो.

ही वाट म्हणजे एलरॉय-स्पार्टा ट्रेल. एकेकाळी इथून रेल्वे धावायची. रूळ उखडल्यावर 1960च्या दशकात त्या जागी चुनखडीची बारीक कच पसरून सुमारे 52 किलोमीटरची सायकलवाट केली. जुन्या रेल्वेमार्गांच्या अशा वाटा अमेरिकेत आता जागोजाग आहेत, त्यांतली ही अगदी पहिल्यांपैकी. चढ सौम्य, दोन्ही बाजूंना शेतं, ओढे, मधूनच डोंगर कापून काढलेली खिंड.

अशाच एका खिंडीत, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे कडेच्या दरडीतून मातीचं एक ढेकूळ निघून पडलं होतं. हातात घेऊन मोडलं तर आत चिरोट्यासारखे पदर: मातीचा थर, मग काचेसारख्या स्वच्छ बर्फाचा पातळ थर, पुन्हा माती, पुन्हा बर्फ. मातीतलं पाणी जागच्या जागी गोठलं असतं, तर बर्फ सगळीकडे सारखा विखुरलेला दिसला असता. इथे तो वेगळा होऊन एका जागी जमला होता. चिखलाचं सगळं रहस्य या पदरांत आहे.

पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, म्हणून हिवाळ्यात जमीन वर उचलली जाते, असं पूर्वी सर्रास मानलं जायचं. स्टीफन टेबर या अमेरिकी भूशास्त्रज्ञाला ते पटेना. 1929 आणि 1930मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन घातलं. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे कारण फुगणं नव्हे, ओढणं आहे. मातीच्या कणांभोवती पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा शून्याखालीही द्रवच राहतो. त्या पापुद्र्यातून, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावं तसं, खालचं पाणी गोठणाऱ्या थराकडे खेचलं जातं आणि बर्फाचा पदर जाड होत जातो. वाळूत पाणी सहज वाहतं, पण ओढ कमी. चिकणमातीत ओढ जबर, पण पाणी सरकता सरकत नाही. मधल्या आकाराच्या कणांची गाळमाती दोन्ही बाबतींत बेतशीर, म्हणून सर्वांत जास्त तीच फुगते. या टेकड्यांवर वाऱ्याने आणून पसरलेली माती नेमकी त्याच जातीची आहे.

हिवाळाभर जमीन असं पाणी साठवत राहते. मार्चमध्ये ऊन वरचे काही सेंटिमीटर वितळवतं, पण त्याखालची जमीन अजून दगडासारखी गोठलेली असते. वितळलेल्या पाण्याला खाली मुरायला वाटच नाही. ते मातीतच तुंबून राहतं आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. विस्कॉन्सिनमध्ये या दिवसांत गावाकडच्या कित्येक रस्त्यांवर जड ट्रकांच्या वजनाला मर्यादा घालतात, ती यामुळेच.

सायकल ट्रकपेक्षा हलकी खरी, पण जमिनीला कळतो तो दाब, वजन नव्हे. टायरमध्ये 50 पीएसआय हवा असेल, तर जमिनीवरचा दाबही जवळपास तेवढाच, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. चालणाऱ्या माणसाच्या तळव्याखाली तो अर्ध्या किलोच्या आसपास असतो. म्हणून मऊ वाटेवर पाऊल उमटतं, चाक मात्र चर पाडतं. तो चर वाळून कडक झाला की उन्हाळाभर इतरांच्या चाकांना हिसके देतो. पुढचं चाक रुतलं तसा मी उतरलो आणि कडेच्या गवतावरून सायकल हाती धरून चाललो. या दिवसांत प्रत्येकाने हेच करावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. सायकल चालवायची ती पहाटे, वाट गोठलेली असताना. तेव्हा टायर मात्र दाबून पाहावा: घरात 20 अंशांना भरलेले 50 पीएसआय बाहेर शून्य अंशाला साडेचारांनी उतरलेले असतात.

पायी चालल्याचा एक फायदा झाला. ओढ्याकाठच्या दलदलीत, शिळ्या बर्फात गोल भोकं पडलेली दिसली आणि प्रत्येक भोकात जांभळट, टोकदार टोपीसारखं काहीतरी उभं होतं. ते स्कंक कॅबेज. नावात कोबी असला तरी हे आपल्या अळू-सुरणाच्या कुळातलं. मुळांत साठवलेला स्टार्च जाळून त्याचा फुलोरा भोवतालच्या हवेपेक्षा 15 अंशांहूनही जास्त गरम राहतो आणि स्वतःभोवतीचा बर्फ वितळवतो. सुरणाचा फुलोराही असाच तापतो आणि दोघांना वासही तसाच, सडक्या मांसाचा. वाकून हुंगलं, आणि कोकणातलं परसू आठवलं.

एक सांगायचं राहिलं. सकाळी मी जिथवर गेलो, तिथे वाट बंद होती. या ट्रेलवर तीन बोगदे आहेत. सर्वांत लांब सुमारे 1,160 मीटरचा, 1873 साली पुरा झालेला. मी पोचलो तो पहिला, त्याच्या निम्म्याहून लहान. त्याच्या तोंडाशी दोन झडपांची प्रचंड दारं आहेत. बोगद्याच्या छतातून पाणी झिरपतं. फटीत ते गोठलं, वितळलं, पुन्हा गोठलं की खडक सुटत जातो. एकसारख्या थंडीपेक्षा हे येणं-जाणं जास्त घातक. म्हणून रेल्वेच्या काळात हिवाळ्यात पहारेकरी प्रत्येक गाडीसाठी दारं उघडायचा आणि ती गेली की लावून घ्यायचा. आता गाड्या नाहीत, पण दारं दर हिवाळ्यात लागतात, ती मे उजाडेपर्यंत उघडत नाहीत. दाराला कान लावला. आत, अंधारात, पाणी ठिबकत होतं.